केळशेतचा मुक्काम

"गुहागरपासनं सुरुवात करायची," असं म्हणून अण्णांनी पेन्सिलीचं टोक गुहागरवर टेकवलं. "कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, चिपळूणहून सरळ गुहागर. पहिला मुक्काम तिथं. दुसऱ्या दिवशी तवसाळला गाडी फेरीबोटीत घालायची, पलीकडं जयगड. संध्याकाळी गणपतीपुळे."

आमच्या जेवणाच्या टेबलावर अख्खा कोकण किनारा पसरला होता. अण्णा इस्लामपूरच्या हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झाले होते, आणि बाजारात मिळणाऱ्या नकाशांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ड्रॉइंग पेपरवर त्यांनी स्वतःच्या हातानं किनारा काढला होता, एकेक खाडी निळ्या पेन्सिलीनं रंगवून. मी त्या वर्षी बँकेत कायम झाले होते. जुनी का होईना, स्वतःची गाडी घेतली होती. दिवाळीनंतर आठवडाभराची रजा टाकून आईअण्णांना समुद्राकाठानं थेट वेंगुर्ल्यापर्यंत न्यायचं ठरलं होतं. गाडी मी हाकायची, रस्ता अण्णांनी सांगायचा आणि डबे आईनं भरायचे, अशी वाटणी होती.

आई शेजारी बसून शेंगा फोडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पहिला मुक्काम केळशेताला करूया."

अण्णांची पेन्सिल थांबली.

"केळशेत वाटेत येत नाही," ते म्हणाले.

"वाट आपणच काढतोय की. आणायची वाटेत."

"दाभोळच्या खाडीपलीकडं आहे ते. उगाच वर चढायचं आणि परत खाली यायचं."

"मग खाडी वलांडूया. तितंबी गाडी घालायची बोट हाय, असं तुम्हीच काल सांगितलासा."

"तिथं बघण्यासारखं काही नाही."

"मला हाय," आई म्हणाली आणि तिनं पुढची शेंग फोडली.

केळशेत हे नाव आमच्या घरात अकरा वर्षांत कुणी तोंडातून काढलं नव्हतं. तिथं माझी थोरली बहीण राहत होती.

अक्काचं नाव शिवलीला. दापोलीला शेतकी कॉलेजात शिकायला गेली आणि तिथंच वर्गातल्या हरेश चोगलेशी रजिस्टर लग्न करून मोकळी झाली. तो केळशेतच्या मच्छीमाराचा मुलगा. आमच्या घरात अंड्याचं टरफलसुद्धा कधी शिरलं नव्हतं आणि जावई आला तो थेट होडीवरचा. अण्णांनी आदळआपट केली नाही की शिव्याशाप दिले नाहीत. ते बोललेच नाहीत. अक्काचा फोन आला की उचलायचे, आवाज ऐकायचे आणि खाली ठेवायचे. मग ती माझ्या हॉस्टेलवर फोन करू लागली. आई कशी आहे, अण्णांची खोकल्याची ढास कमी झाली का, असलं सगळं खोदून विचारायची. तिसऱ्या वर्षी ते फोनही एकाएकी थांबले. मी केला तर "बरी आहे" एवढं म्हणून ठेवून द्यायची. नंतर तिचा नंबरच बदलला. असं काय झालं ते मला कळलं नाही, आणि आईला तर नाहीच नाही.

आणि मग त्या दिवाळीच्या आधी आमच्या शेजारच्या विभूत्यांची सून कोकण बघून आली. गच्चीवर कपडे वाळत घालता घालता तिनं आईला सांगितलं, की केळशेताला एका बाईंनी घरातच खोल्या काढल्यात, पाहुण्यांना राहायला. समुद्रकाठी राहून ती बाई ज्वारीची भाकरी थापते आणि वर मिरचीचा खरडा वाढते, अगदी आपल्यासारखा. आईनं हातातला ओला टॉवेल तसाच खांद्यावर टाकून तिच्याकडून फोन नंबर घेतला होता. "आयुष्यात एकदा समुद्र दाखवा मला," असा हट्ट तिनं धरला तो त्यानंतर चार दिवसांनी. आम्हाला वाटलं, म्हातारपणी हौस सुचलीय.

"मला माझ्या लेकीची ओटी भरायचीय," आता आई स्वच्छ म्हणाली. "तुमची रागाची वर्सं झाली, माझी गप बसायची झाली. आता फुरं."

अण्णांनी ड्रॉइंग पेपर दोन्ही बाजूंनी उचलला आणि त्याची गुंडाळी केली.

"असं असेल तर जायलाच नको," ते म्हणाले. "गिरे, रजा रद्द कर तुझी."

आमच्या घरात भांडण म्हणजे भांडी आपटणं नव्हे. आमच्याकडं भांडण झालं की सगळे एकमेकांशी फार गोड बोलतात. पुढचे दोन दिवस आई अण्णांना "चहा घेता का?" विचारत होती, अण्णा "तुला सवड झाली की दे" म्हणत होते, आणि मला त्या घरात जीव मुठीत धरून वावरावं लागत होतं. आई मधूनमधून कपाट उघडायची. एक हिरवा खण निघाला, मग हळदीकुंकवाच्या पुड्या निघाल्या, मग सोललेला नारळ आला. सगळं तिनं एका पिशवीत घालून ती पिशवी दाराजवळच्या खुंटीला अडकवली, येताजाता अण्णांच्या डोळ्यांत खुपेल अशी. आमची आई दिसते तेवढी गरीब गाय नव्हे.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आंघोळ करून आले तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही नका येऊ. गिरीला पण नका आणू. मी एष्टीनं जाती. चिपळुणात गाडी बदलली की झालं."

"एसटी गावात जात नाही," अण्णा केस पुसत म्हणाले. "वरती चिंचेपाशीच सोडते. तिथनं खाली उतरण आहे, जांभ्या दगडाची. पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात. तुझ्या गुडघ्यांनी व्हायचं नाही ते."

"बसत बसत उतरीन."

अण्णा देवघराकडं गेले. आई पिशवीतला खण नीट करत होती, त्यामुळं अण्णा काय बोलून गेले ते तिच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं. विभूत्यांची सून स्वतःच्या गाडीनं गेली होती, तिला एसटी कुठं थांबते ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. आणि अण्णांच्या नकाशात डोंगर होते, खाड्या होत्या, बंदरंसुद्धा होती. चिंच मात्र नव्हती.

मी गाडीच्या चाकांत हवा भरायचं निमित्त काढलं आणि अण्णांना बरोबर घेतलं. ते शेजारी बसले की मला गाडी चालवायला येत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. "गिअर बदल... ट्रॉली बघ उसाची... हॉर्न, हॉर्न," असं करत आम्ही पेठ नाक्याच्या रस्त्याला लागलो. दोन्हीकडं ऊस उभा होता. थोडं पुढं गेल्यावर मी विचारलं, "अण्णा, केळशेतची चिंच तुम्हाला कशी माहीत?"

त्यांनी समोरच्या ट्रॉलीकडं बोट दाखवलं.

"पायऱ्या गुळगुळीत झाल्यात हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"गाडी बाजूला घे," ते म्हणाले.

मी गाडी रस्त्याखाली घेतली. अण्णांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला, परत काढला.

"तिच्या लग्नाला तीन वर्षं होत आली होती," ते सांगू लागले. "रत्नागिरीला बोर्डाचे पेपर तपासायला जातो असं तुझ्या आईला सांगून गेलो. रत्नागिरीला गेलोच नाही. चिपळूणहून दुसरी गाडी धरली. राग कधीच ओसरला होता, गिरे. पण इतके फोन आपटल्यावर कुठल्या तोंडानं फोन करायचा? म्हटलं, आपणच जाऊन उभं राहावं."

"मग? भेटली अक्का?"

"भेटली ना. अंगणात मासळी वाळत घातली होती, ती राखत बसली होती. मला बघितलं आणि हातातली काठी टाकून आत पळाली. मला वाटलं, गेली. पण तांब्या घेऊन आली. पाणी, आणि वाटीत गुळाचा खडा. तो हरेश पण मागनं आला आणि दाराशी हात बांधून उभा राहिला. पोरगा बिचारा घाबरला होता." अण्णा थांबले. "ती तांब्या पुढं करते आणि मी आपला म्हणतो, नको, नको. हातानं असा मागं सारला मी तांब्या."

"पण का?"

"का म्हणजे?" अण्णा माझ्यावरच खेकसले. "लेकीला मूल होईस्तोवर बाप तिच्या घरचं पाणी पितो का? आमचे वडील तुझ्या आत्याच्या घरी जायचे ते घरनं फिरकीचा तांब्या भरून घेऊन जायचे. मी तेच बघितलंय. हात आपोआप मागं झाला. त्यात विचार करायचा काय होता?"

काय झालं असणार ते मला एका क्षणात कळलं.

"तिला वाटलं की..."

"हां. तिला वाटलं, बाप अजून बाटतोय. कोळ्याच्या घरचं पाणी नको म्हणतोय. माझ्या तोंडाकडं बघितलं तिनं, मग नवऱ्याकडं बघितलं, म्हणाली, 'समजलं अण्णा,' आणि आत गेली. आणि मी येडा तिथं पडवीत बसून राहिलो! मला वाटलं, चहाबिहा टाकत असेल, तो पण नको म्हणायला पाहिजे. बराच वेळ झाला तरी ती बाहेर आली नाही. मग हरेशच म्हणाला, 'मास्तर, शेवटची गाडी चुकेल तुमची.' मला त्यानं दाखवली वाट. आणि ते उलगडलं कधी, तर परतीच्या गाडीत बसल्यावर."

"मग परत जायचं ना, अण्णा! त्याच पावली उतरायचं!"

"आणि काय सांगायचं? ज्यानं तीन वर्षं फोन आपटले, तो म्हणणार, पोरी मी रीत पाळत होतो? कुणाला खरं वाटलं असतं? मला स्वतःला वाटलं नसतं." त्यांचा आवाज फुटला. अण्णांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि बघावं की रस्त्याकडं तोंड करावं तेही मला सुचेना. "तुझी आई तिथं गेली आणि तिच्या तोंडावर दार लागलं तर? पाप माझं. तिनं कशाला भोगायचं? म्हणून म्हणतो, गुहागरपासनं सुरुवात करूया. खाडीच्या पलीकडं जायला नको."

"हे आईला सांगायला पाहिजे."

"अजिबात नाही."

"तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते," मी म्हणाले आणि गाडी वळवली. हवा भरायची राहूनच गेली.

घरी आलो तेव्हा आई पडवीत बसली होती. अण्णांनी चपला काढल्या, खुंटीवरच्या पिशवीकडं बघितलं आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले, शाळेत उशिरा आलेली पोरं राहायची तसे. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. मध्ये एक शब्द गाळला नाही. ऐकता ऐकता आईचा चेहरा पडत गेला, मग कसाबसा सावरला, आणि शेवटी लालबुंद झाला.

"आठ वर्सं," ती म्हणाली. "आठ वर्सं मी देवाला विचारतीया, माझ्या लेकीचं मन का फिरलं म्हणून. आणि उत्तर माझ्याच घरात आरामखुर्चीत बसून पेपर वाचतंय!"

"अगं, मी..."

"तुम्ही बोलू नका. बोलायचं तवा बोलला नाहीसा. रीत पाळायची तर तोंडानं सांगून पाळायची. अशी मुक्यानं पाळली तर समोरच्याला काय कळणार?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "माझी लेक तितं आठ वर्सं म्हणत असंल, माझ्या बापाला माझं पाणी चालत न्हाई. देवा रे! गिरे, फोन लाव."

"आत्ता?"

"आत्ता नाही तर काय माझ्या तेराव्याला?"

"आणि तिनं येऊ नका म्हटलं तर?" अण्णा म्हणाले.

"तर म्हणू दे. तिचा हक्क हाय. पण ऐकून तर घेईल की न्हाई!"

आईनं कमरेच्या पिशवीतून विभूत्यांच्या सुनेनं दिलेला नंबर काढला. मी आकडे दाबले आणि मोबाइलचा आवाज मोठा करून तो पडवीतल्या स्टुलावर ठेवला. पलीकडं घंटी वाजत राहिली. आईनं खुर्चीचा हात घट्ट धरला होता. अण्णा भिंतीपासून हलले नव्हते.

"हां, चोगल्यांचं घर," बाईचा आवाज आला. "कोण बोलतंय?"

आवाज जाडसर झाला होता आणि बोलण्याला कोकणी हेल आला होता, पण ती अक्काच होती. मला पुढचं काही सुचेना.

"खोली पाहिजे होती," मी म्हणाले.

"कधी?"

"पुढच्या सोमवारी."

"सोमवारी आहे रिकामी. कितीजणं?"

"तिघं."

"मासे चालतात ना? आमच्याकडं ताजे असतात."

"नाही. शाकाहारी."

"तरी हरकत नाही. मी वेगळ्या भांड्यांत करते, काही काळजी करू नका. नाव सांगा."

अण्णांनी हातानं मला ठेव, ठेव अशी खूण केली. आईनं हात लांब करून त्यांचं मनगट पकडलं आणि खाली ओढलं.

"शेटे," मी म्हणाले. "अक्का, मी गिरी बोलतेय."

मागं कुठंतरी कोंबडी ओरडत होती, तेवढं ऐकू येत होतं.

"तिघं कोण कोण?" तिनं विचारलं. हेल नाहीसा झाला होता.

"मी, आई. आणि अण्णा."

"अण्णांना सांग," अक्का म्हणाली, "इथं पाणी आमच्याच विहिरीचं असतं. बाटलीचं मिळत नाही. त्यांचं ते बघून मग काय ते ठरवा."

आई डोळे मिटून बसली. मी फोन उचलायला हात पुढं केला, पण त्याआधी अण्णा पुढं आले. गुडघा टेकून ते स्टुलासमोर बसले आणि मोबाइलवर वाकले, जवळजवळ ओठ टेकतील इतके.

"लीला," ते म्हणाले.

फोन चालू होता.

"लीला, त्या दिवशी मी पाणी प्यालो नाही. आपल्यात लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या सासरी पाणी पीत नाही. तुझ्या आजोबांनी पाळलं, म्हणून मीही पाळलं. दुसरं काही माझ्या मनात नव्हतं. शपथ घेतो. अगं, परक्याच्या दारात असतो तर घटाघटा प्यालो असतो! तू माझी आणि ते तुझं सासर, म्हणून नको म्हणालो."

पुन्हा नुसती कोंबडी. मला वाटलं आता ती फोन ठेवेल. ठेवला असता तरी तिला दोष देता आला नसता.

"मग अजूनही तुम्हाला चालायचं नाही," अक्का म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "मला मूल नाही, अण्णा. डॉक्टर म्हणालेत, होणारही नाही."

आईच्या तोंडून एक हुंदका बाहेर पडला आणि तिनं तो पदरात दाबला. अण्णा स्टुलाच्या कडेला धरून तसेच बसले होते. जन्मभर ज्यांनी संकष्टी चुकवली नाही, अमावास्येला नवं काम धरलं नाही, उंबऱ्यावर पाय दिला म्हणून आम्हाला रट्टे दिले, ते आमचे अण्णा.

"नसू दे," ते म्हणाले. "रीत गेली खड्ड्यात. तांब्यानं माझं भागायचं नाही, लीला. घागर भरून ठेव."

पलीकडं काहीतरी दाणकन आदळलं. आधी वाटलं फोन ठेवला, पण नाही, तिनं रिसीव्हर नुसताच टेबलावर टाकला होता. पळण्याचा आवाज आला, मग दार भिंतीवर आपटल्याचा. "अहो!" अक्का दूरवर ओरडत होती, रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं. "अहो, ऐकलंत का? जाळं राहू दे ते, आधी इकडं या. वरची खोली झाडायला पाहिजे, गाद्या उन्हात टाकायला पाहिजेत. सोमवारी माझी माणसं येताहेत."

"कोण माणसं?" एका पुरुषाचा आवाज.

"माझी! माझे आईवडील!"

मग भांडी वाजली, विहिरीचा रहाट करकरला, कुणीतरी कुणाला तरी कोंबड्या हाकलायला सांगितलं. फोन ठेवायचा राहिलाय हे तिच्या गावीही नव्हतं. आईनं अण्णांना हाताला धरून उठवलं आणि शेजारच्या खुर्चीत बसवलं. आम्ही तिघंही स्टुलाभोवती बसून अक्काच्या घरातले आवाज ऐकत राहिलो, आणि बराच वेळ आमच्यापैकी कुणीही फोन बंद केला नाही.